थार उचलायची, पण किती? लिफ्ट आणि मोठ्या टायरांचं साधं गणित

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये थारजवळ कोणी थांबलं की पूर्वी ॲव्हरेज विचारायचं. आता विचारतात, "स्टॉकच ठेवलीय अजून?" स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवच असते, लग्नाच्या वयाचा मुलगा अजून घरी बसलाय असं ऐकल्यासारखी.

२ ऑक्टोबर २०२० ला महिंद्राची नवी थार बाजारात आली, २०२३ च्या जूनमध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये थार रॉक्स. शेतावर नि जंगलखात्यात दिसणारी फोर बाय फोर गाडी ऑफिसला जाणाऱ्यांच्या दारात आली आणि तिच्यासोबत लिफ्टची, म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलण्याची, भाषाही आली. दोन इंच टाकू की तीन? तेहतीसचे, म्हणजे तेहतीस इंच व्यासाचे, टायर बसतील का? रीलमध्ये सगळंच बसतं.

माझी सोळा इंची रिमची थार सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी करते. शनिवारी ती वेल्ह्याकडच्या आमच्या तुकडाभर जमिनीवर जाते, तिथले शेवटचे चार किलोमीटर कच्चे आहेत. म्हणजे आठवडाभर डांबर आणि एक दिवस दगड. हा लेख अशाच गाडीसाठी आहे. २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तो वाचायची गरज नाही. स्पर्धेची गाडी ट्रकवर लादूनही नेता येते, आपल्याला तीच गाडी घेऊन सोमवारी चांदणी चौकातून जायचं असतं.

## आधी गाडीखाली झोपा

पैसे काढण्याआधी एक काम करा. सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, खाली पोतं अंथरा आणि टॉर्च नि टेप घेऊन मागच्या बाजूने आत सरका. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी दिसेल, तो ॲक्सल. त्याच्या मध्यभागी नारळाहून मोठा फुगीर भाग असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाकडून आलेला जोर दोन चाकांत वाटून देणारे दाते त्याच्या पोटात असतात. त्याच्या बुडापासून जमिनीपर्यंत टेप लावा. रस्त्याच्या मधोमध आलेला दगड पार होईल की खणकन लागेल, हे ठरवणारं एक माप ते आहे. जमिनीपासून गाडीच्या सर्वात खालच्या भागापर्यंतच्या या मोकळ्या जागेला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. थारचा २२६ मिलिमीटर सांगतात, जिम्नीचा २१०.

आता गंमत पाहा. सस्पेन्शन लिफ्ट (चाकांवरच्या स्प्रिंगांपाशी गाडी उंच करणं) टाकली की ॲक्सलच्या वरचं सगळं वर जातं, ॲक्सल मात्र जागेवरच राहतो. त्याची उंची चाकाच्या मध्यावर ठरते आणि चाक तर तेवढंच आहे. ओढा ओलांडताना धोतर वर खोचलं तर धोतर भिजत नाही, पण म्हणून गुडघे वर जात नाहीत. लिफ्ट म्हणजे खोचलेलं धोतर. मोठा टायर म्हणजे पायात घातलेल्या जाड तळव्याच्या वहाणा: त्या घातल्या की घोट्यापासून डोक्यापर्यंत सगळंच वर जातं.

थारला पुढे एकच अखंड ॲक्सल नाही. दोन्ही चाकं आपापल्या हातांवर वेगवेगळी हलतात आणि पुढचा डिफरन्शियल चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, टांगलेला असतो, त्यामुळे लिफ्टने तो वर जातो. मागचा जात नाही. जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, त्यामुळे दोन्हीकडे धोतराचाच न्याय. तीन इंच लिफ्ट टाकूनही "मागून लागतेच" अशी तक्रार करणारे भेटतात, त्याचं उत्तर पोत्यावर झोपल्यावर मिळतं.

## मग लिफ्टने मिळतं काय?

दोन गोष्टी मिळतात: कोन आणि जागा.

कोन तीन असतात. समोर उभा बांध आला तर बंपर टेकण्याआधी चाक त्यावर चढतं का, हा पहिला. उतरताना मागचा बंपर घासतो का, हा दुसरा. आणि बांध दोन चाकांच्या मध्ये आला की पोट टेकतं का, हा तिसरा. थारचे आकडे अनुक्रमे ४१.८, ३६.८ आणि २७ अंश. सर्वात तोकडा आहे तो पोटाचा. आमच्या शेताच्या वाटेवर पाण्याचा चर आणि त्याला लागून मातीचा वरंबा आहे, तिथे थार अडते ती पोटावर, नाकावर कधीच नाही. अशा जागी दीड-दोन इंच लिफ्टचा खरा उपयोग होतो.

जागा म्हणजे मडगार्डखालची मोकळी पोकळी, मोठा टायर फिरायला. इथे एक फसवणूक होते, कोणी मुद्दाम करतं असं नाही. लिफ्टनंतर उभ्या गाडीत टायरच्या वर मूठभर जास्त जागा दिसते आणि माणूस खूश होतो. पण चाक खड्ड्यातून उसळून पूर्ण वर जातं तेव्हा ते कुठे थांबायचं हे बम्प स्टॉप नावाचा रबरी ठोकळा ठरवतो. तो पूर्वीइतकाच राहिला असेल तर चाक पूर्वीइतकंच वर जाणार आणि मोठा टायर आतल्या प्लॅस्टिकवर घासणार. पैसे चुकते करण्याआधी मडगार्डच्या आतल्या अस्तरावर पांढऱ्या खडूचे पट्टे ओढा, एक चाक फुटपाथवर चढवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. खडू जिथे पुसला गेला, तिथे टायर लागतोय.

## लिफ्टचे प्रकार आणि मित्राच्या गाडीतलं ग्रीस

सगळ्यात स्वस्त प्रकार स्पेसरचा. स्प्रिंगच्या वर किंवा खाली धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची जाड चकती बसवायची, झालं काम. स्प्रिंग तीच, शॉकॲब्सॉर्बर तोच. दुसरा प्रकार उंच स्प्रिंग आणि त्यांच्या मापाचे लांब शॉकॲब्सॉर्बर. हा महाग, पण सस्पेन्शनची लिफ्ट म्हणावी तर हीच. जुन्या जीपला नि बोलेरोच्या मागे कमानपाटे असतात, तिथे जास्त बाक दिलेले पाटे टाकतात. बॉडी लिफ्ट हा आणखी वेगळा प्रकार, त्यात चॅसिस आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. त्याने टायरला जागा होते, पण चॅसिस आहे तिथेच राहतो. रोजच्या गाडीत मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

"एवढीशी चकती, तिने काय बिघडणार?" हा प्रश्न माझ्या मित्रालाही पडला होता. त्याने पुढे अडीच इंचाचे स्पेसर घातले. पावसाळा संपला तसा गाडी पूर्ण वळवताना चाकातून कटकट आवाज येऊ लागला. चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल फेर धरून बसलेले. इंजिनाचा जोर वळत्या चाकापर्यंत नेणारा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, रबरी घडीच्या टोपीत असतो. चकतीमुळे तो सांधा कायमचा तिरका राहिला. टोपीच्या घड्या एका बाजूला ताणल्या, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासल्या आणि टोपी फाटली. ग्रीस बाहेर गेलं, चिखल आत आला. पुढचं वर्कशॉपच्या बिलावर वाचायचं.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. चाक वर जाण्याइतकंच खाली लोंबणंही गरजेचं असतं, खळग्यात उतरलेल्या चाकाने जमीन सोडता कामा नये. शॉकॲब्सॉर्बर तोच ठेवून गाडी वर ढकलली की त्याची खालच्या दिशेची लांबी आधीच खर्च होते. चवड्यांवर उभं राहून फळीवरचा डबा काढणारा माणूस आणखी किती वर पोचणार? उभी गाडी रुबाबदार दिसते आणि खळग्यात स्टॉक गाडीच्या आधी तिचं चाक हवेत तरंगतं.

जिम्नीत भानगड वेगळी. तिथे उंची वाढली की ॲक्सल किंचित फिरतो आणि बाजूलाही सरकतो. ॲक्सल फिरला की स्टिअरिंग सरळ रेषेत आपोआप परत येण्याची सवय सोडतं, हायवेवर हातात सैल लागतं. त्यासाठी वेगळे बुश (सांध्यांतले रबरी गोल तुकडे) आणि बाजूचा लांबीला बदलता येणारा दांडा लागतो. किटच्या जाहिरातीत ते सहसा "ऐच्छिक" म्हणून लिहिलेले असतात. ते ऐच्छिक नाहीत.

## टायरवरचे आकडे वाचायला शिका

माझ्या टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलंय. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १८४ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास इंचात. दोन भिंती आणि रिम मिळून टायरचा पूर्ण व्यास ७७४ मिलिमीटर भरतो, साडेतीस इंच. थारच्याच दुसऱ्या व्हेरियंटचा २५५/६५ आर १८ टायर ७८९ मिलिमीटरचा, एकतीस इंच. म्हणजे अठरा इंची रिम ऐकायला दोन इंचांनी मोठी, पण टायर जेमतेम अर्धा इंच उंच. वाढलेला व्यास रिमने खाल्ला, भिंत उलट बुटकी झाली. दगडांच्या वाटेवर बुटकी भिंत म्हणजे रिमला कमी संरक्षण, म्हणून माझी पसंती सोळालाच.

आता "तेहतीसचे टायर" घेऊ: २८५/७५ आर १६, व्यास ८३४ मिलिमीटर. वाढ ६० मिलिमीटरची. त्यातली निम्मी चाकाच्या वरच्या बाजूला जाते, त्यामुळे डिफरन्शियल वर सरकला फक्त ३० मिलिमीटर. एका काडेपेटीच्या रुंदीएवढा! त्याची किंमत खाली पाहा.

व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला. मीटरवर १०० दिसतील तेव्हा खरा वेग साधारण १०८. कंपनीचे मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतात, त्यामुळे काही फरक झाकला जातो, सगळा नाही. किलोमीटरही कमी मोजले जातात. ॲव्हरेज मुळात पडतंच, आणि मीटर कमी मोजत असल्याने कागदावर आणखी पडलेलं दिसतं.

त्याहून मोठी गोष्ट जोराची. इंजिन तेच, गिअर तेच, चाक मोठं. जमिनीवर पोचणारा ढकल सुमारे सात टक्क्यांनी घटला. सायकलने सिंहगड चढणाऱ्याला विचारा, एक गिअर वरचा टाकून चढ म्हटलं तर तो काय म्हणेल. हायवेला हे जाणवत नाही. पण वरंध्यात चढावर ट्रकच्या मागे थांबून पुन्हा उचलताना क्लच जास्त वेळ अर्धा दाबून धरावा लागतो आणि तो वास सगळ्या गाडीभर येतो. ब्रेकचंही तेच. मोठं जड चाक भिंगरीसारखं फिरत असतं, त्याला आवरायला पूर्वीचीच डिस्क. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली, तिचं वाढलेलं वजन बिजागऱ्यांवर. चारच मोठे टायर घेऊन स्टेपनी जुनी ठेवली तर वाटेत पंक्चर झाल्यावर एका ॲक्सलवर दोन मापांची चाकं येतात, फोर-व्हील-ड्राइव्हच्या दात्यांना ते अजिबात मानवत नाही.

## डोक्यावरचे हंडे

एक हंडा घेऊन चालणारी बाई वळणावर सहज वळते. एकावर एक तीन असले तर तीच बाई पाऊल जपून टाकते. गाडीचं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू जितका वर, तितकी ती उलटायला सोपी.

हे मोजायची साधी रीत आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला त्या बिंदूच्या उंचीने भागायचं. अमेरिकेची वाहन-सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ पासून उलटण्याचा धोका सांगताना हाच भागाकार धरते. साध्या मोटारींचा तो १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांचा १ ते १.३. समजा, चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आहे आणि वजनाचा बिंदू ७०० वर. ७५० भागिले ७०० म्हणजे १.०७. लिफ्ट आणि टायर मिळून तो बिंदू ५० मिलिमीटर वर गेला की उत्तर येतं बरोबर १. फरक किरकोळ वाटतो, पण आपण उंच गाड्यांच्या पट्ट्यात तळाशी पोचलो. वर कॅरिअर नि त्यावर तंबू बांधला तर आणखी खाली. थारमध्ये गाडी घसरताना किंवा उलटायच्या बेतात असताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, पण ती कंपनीच्या उंचीला आणि कंपनीच्या चाकाला धरून जुळवलेली. रॉक्सच्या काचेमागचा कॅमेराही ठरलेल्या उंचीवरूनच रस्ता बघायला शिकलेला आहे.

आणि एक हिशेब कुठल्याच किटवर छापलेला नसतो. माझी आई नऊवारी नाही, साधी गोल साडी नेसते, तरी स्टॉक थारमध्ये चढताना तिला माझा खांदा लागतो. आणखी तीन इंचांनंतर स्वयंपाकघरातला पाट गाडीत ठेवावा लागेल.

## उंचीआधी नक्षी

आता माझं खरं म्हणणं. रोजच्या गाडीत पहिला पैसा उंचीवर घालू नका, रबरावर घाला.

टायरचे ढोबळ तीन प्रकार. एचटी हा हायवेचा, बारीक नक्षीचा. एमटी चिखलाचा, मोठमोठ्या ठोकळ्यांचा. एटी दोन्हींच्या मधला. दिसायला एमटी सर्वात मर्द, म्हणून लोक तोच घेतात. पण ठोकळ्यांमधल्या रुंद फटींमुळे डांबराला टेकणारं रबर कमी पडतं आणि पाणी कापणाऱ्या बारीक चिराही कमी. जुलैत ताम्हिणीत ओल्या डांबरावर ब्रेक मारताना हे कळतं, आणि कळायला तो घाट ही फार वाईट जागा आहे. हायवेवर तो घूंऽऽ करत राहतो ते वेगळंच.

मग एमटी कुणाला? मातीला विचारा. मराठवाड्यातली, सोलापूरकडची काळी माती भिजली की कणकेसारखी टायरला चिकटते. एटीच्या फटी दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत लाटणं होऊन बसतो. तिथे एमटीच्या रुंद फटी चिखल भिरकावून स्वतःला मोकळं करतात. कोकणातली जांभ्याची लाल माती खरबरीत, ती एवढी चिकटत नाही, तिथे एटी पुरतो. मावळात-मुळशीत दगड आणि निसरडं गवत, तिथे भिंत मजबूत असलेला एटी. ज्याचा रोजचा रस्ताच भिजलेल्या काळ्या रानातून जातो, त्याने एमटी घ्यावा आणि डांबरावर जपून चालवावं.

टायरवर मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकच्या जातीचा: भिंत जाड, वजन जास्त, आणि तेवढाच भार पेलायला हवाही थोडी जास्त लागते. दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नका, टायरच्या भार-तक्त्यावरून ठरवा.

आणि हवा! सर्वात स्वस्त बदल हाच, आणि रीलमध्ये तो कधी दिसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. कच्च्या वाटेला लागताना हवा कमी करून वीसेक पीएसआयवर आणा. टायरचा जमिनीला टेकलेला भाग थापलेल्या भाकरीसारखा पसरतो, विशेषतः लांबीला. दगडावर टायर टणकन उडण्याऐवजी त्याला कवळतो, चिखलात रुतण्याऐवजी वर राहतो. वेग मात्र कमी ठेवायचा, कचकन वळवायचं नाही, आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरायची. त्यासाठी हवेचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. ज्या चढावर माझी गाडी दोनदा घसरून मागे आली होती, तोच चढ त्याच टायरांनी हवा सोडल्यावर पहिल्या झटक्यात पार झाला. बाजूला उभा असलेला गुराखी म्हणाला, "आधीच सोडायची ना मग."

## पण दुकानदार म्हणतो, सगळेच करतात

करतात. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये, परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नाक्यावरचा दंड भरून माणूस सुटेल. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर गाडी बघायला येतो आणि न कळवलेली लिफ्ट त्याच्या नजरेला पडते, तेव्हा क्लेम अडकायला एक आयतं कारण मिळालेलं असतं. वॉरंटीचंही तसंच, सीव्ही जॉइंट गेला तर कंपनी पहिलं बोट चकतीकडे दाखवणार. म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांच्या आतला टायर हे त्यातल्या त्यात सुरक्षित कुंपण.

अमेरिकेत मोठ्या लिफ्टच्या गाड्या सर्रास दिसतात हे खरं. तिथे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. तिथली रीत इथल्या आरटीओला सांगून उपयोग नाही.

## तरीही टाकायचीच असेल तर

काहींना लिफ्ट खरंच लागते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लावून नाक खाली बसलेली गाडी, मागे कायम सामान भरलेली गाडी, किंवा रोजच्या वाटेवर पोट टेकणारी. त्यांनीही आधी टायर ठरवावा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट. लोक नेमकं उलट करतात: तीन इंच टाकतात, मग स्टॉक टायर पोकळीत पोरका दिसतो म्हणून तेहतीसचे घेतात, मग ब्रेक नि क्लच.

दीड-दोन इंचांच्या पुढे जाऊ नका, आणि स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदला. स्प्रिंग किती कडक हे गाडीतल्या नेहमीच्या वजनावर ठरवा. दोन क्विंटल सामानासाठी घडवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत घातली तर कर्वे रस्त्यावरचा प्रत्येक स्पीड ब्रेकर मणक्यात मोजता येतो. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा, आणि स्प्रिंग बसल्यावर, साधारण हजारेक किलोमीटरने, पुन्हा. बदललेले सगळे नट त्याच वेळी टॉर्क पान्याने तपासून घ्या. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर तिथल्या पाटीवरची उंचीची नि वजनाची मर्यादा आधी वाचा, आणि गाडीतून काढलेली मूळ स्प्रिंग भंगारात घालू नका.

माझ्या गाडीत आज कंपनीच्याच मापाचे पाच एटी टायर, एक हवेचं मीटर आणि एक पंप आहे. वेल्ह्याच्या त्या वरंब्यावर मात्र पोट अजून टेकतं. मागच्या शनिवारी फावडं नेलं आणि वरंबा वीतभर खाली आणला. अर्धा तास लागला.